नासला जोडलेला यूपीएस आणि शेजारचा लिनक्स सर्व्हर: वीज गेल्याची खबर वेळेत पोचवण्याची व्यवस्था

छोट्या कार्यालयात किंवा घरी सर्व्हरची मांडणी बहुधा सारखीच असते. एका कपाटात नास म्हणजे नेटवर्कवरची साठवणूक असते, तिच्या शेजारी एक लिनक्स सर्व्हर असतो आणि दोघांना मिळून एकच यूपीएस असतो. यूपीएसच्या मागे यूएसबीचे एकच पोर्ट असते आणि त्याची वायर नासला जोडलेली असते. त्यामुळे वीज गेली, बॅटरी किती उरली, आता बंद व्हायला हवे, हे सगळे नासला कळते. सर्व्हरला मात्र यातले काहीच कळत नाही. तो बॅटरी संपेपर्यंत निवांत काम करत राहतो आणि डेटाबेसमध्ये अर्धवट नोंद लिहिली जात असतानाच अंधारात जातो.

या अडचणीवरचा उपाय फार जुना आणि मुक्त स्रोत आहे. रसेल क्रोल यांनी सुरू केलेला ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’, थोडक्यात ‘नट’, हा प्रकल्प नेमके हेच काम करतो. ज्या यंत्राला यूपीएसची वायर जोडलेली आहे ते यंत्र यूपीएसची स्थिती नेटवर्कवर ३४९३ क्रमांकाच्या टीसीपी पोर्टवर उपलब्ध करून देते आणि बाकीची यंत्रे दर काही सेकंदांनी तिथे विचारणा करतात. सिनॉलॉजी आणि क्यूनॅप या दोन्ही कंपन्यांच्या नासमध्ये आतून नटच चालते, म्हणून लिनक्स सर्व्हरला त्यांच्याशी बोलायला वेगळे काही लागत नाही. पुढे सिनॉलॉजीची नास आणि डेबियन १२ चालवणारा सर्व्हर असे उदाहरण धरले आहे. नासचा पत्ता १९२.१६८.१.१० आहे असे मानू.

एक सूचना आधीच द्यायला हवी. या लेखात आज्ञा, फायलींची नावे आणि आकडे देवनागरीत लिहिले आहेत; टर्मिनलवर ते इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच द्यावे लागतात. सेटिंगच्या फायलींमधले मुख्य शब्द बहुधा कॅपिटल अक्षरांत आणि आज्ञा स्मॉल अक्षरांत असतात; यूपीएस डॉट कॉन्फ आणि यूपीएसडी डॉट युझर्स या दोन फायलींमधले शब्द मात्र स्मॉल अक्षरांतच लिहायचे.

आधी वायरी तपासा

संगणकाला हात लावण्यापूर्वी यूपीएसच्या मागे जाऊन कोणती वायर कुठे जाते ते पाहा. वीज गेल्याची खबर वीज नसतानाच पोचायची असते. त्यामुळे नास आणि सर्व्हर यांच्यामधला नेटवर्क स्विचही त्याच यूपीएसवर असायला हवा. हे वाचताना इतके उघड वाटते की कोणी मुद्दाम तपासत नाही. मीही तपासले नव्हते. मी लावलेल्या पहिल्याच व्यवस्थेत पाच पोर्टचा छोटा स्विच भिंतीवरच्या बोर्डात राहून गेला होता. वीज गेली त्याच क्षणी स्विच बंद पडला. नासने यूपीएस बॅटरीवर गेल्याची नोंद वेळेवर केली, पण ती विचारायला सर्व्हर तिच्यापर्यंत पोचूच शकला नाही. दुसऱ्या दिवशी सर्व्हरची लॉग उघडली तेव्हा तिच्यात ‘बॅटरीवर’ असा शब्दही नव्हता. यूपीएसशी संपर्क तुटला ही एक ओळ, त्यानंतर दर पाच मिनिटांनी ‘यूपीएस उपलब्ध नाही’ अशा ओळी आणि मग काहीच नाही.

सर्व्हर आपणहून बंद का झाला नाही, याचे कारण नटच्या नियमात आहे. संपर्क तुटला तेव्हा यूपीएस शेवटचा कोणत्या स्थितीत दिसला होता, हे नट पाहते. तो बॅटरीवर दिसला असेल तर नट वाईटात वाईट शक्यता धरून यंत्र बंद करते. तो मुख्य विजेवर दिसला असेल तर नुसता इशारा देत राहते, कारण वायर निघाली किंवा नास रीस्टार्ट झाली म्हणून सर्व्हर बंद करणे चुकीचे ठरेल. नियम योग्यच आहे. चूक स्विचच्या वायरीत होती.

यूपीएसच्या मागची सगळी सॉकेटही सारखी नसतात. काही मॉडेलमध्ये अर्धी सॉकेट बॅटरीवर चालतात आणि उरलेली फक्त विजेच्या झटक्यापासून संरक्षण देतात. त्यांवर छापलेली अक्षरे वाचून नास, सर्व्हर आणि स्विच हे तिन्ही बॅटरीच्या बाजूलाच लावा. नास आणि सर्व्हर यांच्यामध्ये राउटर येत असेल तर तोही तिथेच लावा. सर्व्हर वायफायवर ठेवून ही व्यवस्था करू नका. नासला स्थिर आयपी पत्ता द्या आणि पुढच्या सर्व सेटिंगमध्ये नावाऐवजी तो पत्ताच लिहा, म्हणजे ऐन वेळी नावाचा पत्ता शोधून देणारे यंत्र चालू आहे की नाही यावर काही अवलंबून राहणार नाही.

नासच्या बाजूची तयारी

सिनॉलॉजीच्या नियंत्रण पॅनेलमध्ये हार्डवेअर आणि पॉवरच्या विभागात यूपीएसचा टॅब असतो. तिथे यूपीएसचा आधार सुरू करा, त्याखालचा नेटवर्क यूपीएस सर्व्हरचा पर्याय निवडा आणि परवानगी असलेल्या यंत्रांच्या यादीत लिनक्स सर्व्हरचा आयपी पत्ता भरा. ही यादी रिकामी राहिली तर पुढचे सगळे बरोबर करूनही संपर्क होत नाही. सिनॉलॉजीमध्ये यूपीएसचे नाव ‘यूपीएस’, वापरकर्त्याचे नाव ‘मॉनयुझर’ आणि पासवर्ड ‘सीक्रेट’ असे ठरलेले असते. हा पासवर्ड जगजाहीर आहे आणि नटचे संभाषण साधारणपणे उघड्या मजकुरात चालते, म्हणून ३४९३ हे पोर्ट राउटरवरून बाहेरच्या इंटरनेटला कधीही उघडे करू नका.

वायर नासऐवजी दुसऱ्या लिनक्स यंत्राला जोडलेली असेल, तर तिथे नट-सर्व्हर हे पॅकेज बसवा. त्या यंत्रावर नट डॉट कॉन्फमध्ये मोड ‘नेटसर्व्हर’ ठेवा, यूपीएस डॉट कॉन्फमध्ये यूपीएसला नाव देऊन ड्रायव्हर ‘यूएसबीहिड-यूपीएस’ आणि पोर्ट ‘ऑटो’ असे लिहा आणि यूपीएसडी डॉट युझर्समध्ये वापरकर्ता व त्याचा पासवर्ड तयार करा. यूपीएसडी, म्हणजे यूपीएसची स्थिती नेटवर्कवर देणारी नटची सेवा, मुळात फक्त स्वतःच्याच यंत्राला, म्हणजे १२७.०.०.१ या पत्त्यावर उत्तर देतो. यूपीएसडी डॉट कॉन्फमध्ये ‘लिसन’ या शब्दापुढे त्या यंत्राचा नेटवर्कवरचा पत्ता दिल्याशिवाय बाकीच्या यंत्रांना तो दिसत नाही. या मार्गात पासवर्ड आपला आपण ठरवता येतो, हा त्याचा मोठा फायदा आहे.

सर्व्हरवर पहिली विचारणा

लिनक्स सर्व्हरवर फक्त नट-क्लायंट हे पॅकेज लागते:

सुडो एपीटी इन्स्टॉल नट-क्लायंट

डेबियन आणि उबुंटूमध्ये याच्या फायली /ईटीसी/नट या फोल्डरमध्ये येतात. फेडोरा आणि त्याच्या परिवारात त्या /ईटीसी/यूपीएसमध्ये असतात. एकाही फायलीला हात न लावता आधी नुसती विचारणा करून पाहा:

यूपीएससी -एल १९२.१६८.१.१०

याने त्या पत्त्यावरच्या यूपीएसचे नाव मिळते. सिनॉलॉजीवर ‘यूपीएस’ आणि क्यूनॅपवर ‘क्यूनॅपयूपीएस’ असे उत्तर यायला हवे. त्यानंतर सविस्तर माहिती मागा:

यूपीएससी यूपीएस@१९२.१६८.१.१०

पडद्यावर वीस-तीस ओळी येतात. त्यातल्या चार ओळी नीट पाहाव्यात. बॅटरी.चार्ज म्हणजे बॅटरी किती टक्के भरली आहे. बॅटरी.रनटाइम म्हणजे सध्याच्या भारावर ती किती सेकंद पुरेल याचा अंदाज. यूपीएस.लोड म्हणजे क्षमतेच्या किती टक्के भार आहे. यूपीएस.स्टेटस ही सर्वांत महत्त्वाची ओळ: ‘ओएल’ म्हणजे मुख्य विजेवर, ‘ओबी’ म्हणजे बॅटरीवर, ‘एलबी’ म्हणजे बॅटरी संपत आली आणि ‘आरबी’ म्हणजे बॅटरी बदलायला झाली. गावात किंवा औद्योगिक वसाहतीत, जिथे व्होल्टेज वरखाली होते, तिथे ‘ओएल’च्या जोडीला ‘बूस्ट’ किंवा ‘ट्रिम’ हे शब्दही दिसतात. यूपीएस कमी व्होल्टेज वाढवून किंवा जास्त व्होल्टेज उतरवून पुढे देत आहे, इतकाच त्यांचा अर्थ.

उत्तर आले नाही तर त्रुटीचा शब्द नीट वाचा, कारण तो नेमकी जागा दाखवतो. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आले तर नासवर नेटवर्क यूपीएस सर्व्हर चालू नाही. बराच वेळ थांबून ‘टाइम्ड आउट’ आले तर मधली फायरवॉल अडवत आहे किंवा पत्ताच चुकला आहे. ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणजे परवानगीच्या यादीत सर्व्हरचा पत्ता नाही. ‘अननोन यूपीएस’ म्हणजे यूपीएसचे नाव चुकले. ‘डेटा स्टेल’ आले तर नेटवर्क ठीक आहे, पण नास आणि यूपीएस यांच्यामधली यूएसबी वायर सैल आहे किंवा ड्रायव्हर अडकला आहे. ही विचारणा यशस्वी झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. इथली अडचण पुढे नेली तर ती ओळखू येईनाशी होते.

दोन फायली

पहिली फाइल नट डॉट कॉन्फ. तिच्यात एकच ओळ बदलायची आहे:

मोड=नेटक्लायंट

बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडायची नाही, कारण ही फाइल शेल स्क्रिप्टही वाचतात आणि मोकळी जागा असली की त्यांना तो शब्द कळत नाही.

दुसरी फाइल यूपीएसमॉन डॉट कॉन्फ. यूपीएसमॉन म्हणजे यूपीएसवर नजर ठेवून वेळ आली की यंत्र बंद करणारा नटचा भाग. खरे काम हिच्यात आहे आणि त्यातली मुख्य ओळ अशी:

मॉनिटर यूपीएस@१९२.१६८.१.१० १ मॉनयुझर सीक्रेट सेकंडरी

पत्त्यानंतरचा १ हा आकडा, या सर्व्हरचे किती वीजपुरवठा संच त्या यूपीएसवर चालतात ते सांगतो. साध्या सर्व्हरला एकच संच असतो. दोन संच असून ते दोन वेगवेगळ्या यूपीएसवर असतील तर अशा दोन ओळी लिहायच्या आणि ‘मिनसप्लाइज’, म्हणजे निदान किती संच चालू हवेत तो आकडा, १ ठेवायचा. मग एक यूपीएस संपला तरी दुसरा आहे तोपर्यंत सर्व्हर बंद होत नाही. शेवटचा शब्द ‘सेकंडरी’ म्हणजे हे यंत्र ऐकणारे आहे, यूपीएसचे मालक नाही. २०२२ मध्ये आलेल्या २.८.० या आवृत्तीपासून हे शब्द ‘प्रायमरी’ आणि ‘सेकंडरी’ असे झाले. उबुंटू २२.०४ मध्ये नटची २.७.४ ही आवृत्ती आहे आणि तिला जुना ‘स्लेव्ह’ हाच शब्द कळतो. इथे चुकूनही ‘प्रायमरी’ लिहू नका, कारण प्रायमरीला सर्वांना बंद करण्याचा अधिकार असतो.

त्याच फाइलमध्ये ‘शटडाउनसीएमडी’ या ओळीत /एसबिन/शटडाउन -एच +० ही आज्ञा आहे ना ते पाहा. ‘पोलफ्रेक’ म्हणजे किती सेकंदांनी विचारणा करायची आणि ‘डेडटाइम’ म्हणजे किती सेकंद उत्तर आले नाही की संपर्क तुटला असे धरायचे; त्यांचे ५ आणि १५ हे मूळ आकडे बहुतेकांना चालतात. नास कामात बुडालेली असताना उत्तर द्यायला उशीर करत असेल आणि संपर्क तुटल्याचे खोटे इशारे येत असतील तर डेडटाइम २५ पर्यंत वाढवा. मात्र तो पोलफ्रेकच्या निदान तिप्पट राहू द्या.

या फाइलमध्ये पासवर्ड असल्याने ती सर्वांना वाचता येता कामा नये. तिची मालकी रूटकडे आणि गट नट असा ठेवून परवानगी ६४० करा. यूपीएसमॉन दोन प्रक्रियांमध्ये चालतो: नेटवर्कशी बोलणारी प्रक्रिया नट या साध्या वापरकर्त्याच्या अधिकारात असते आणि यंत्र बंद करण्यापुरती एक रूटच्या अधिकारात मागे थांबलेली असते. नट गटाला ही फाइल वाचता आली नाही तर सेटिंग पुन्हा वाचायला सांगितल्यावर तो अडतो. आता सेवा सुरू करा आणि तिची लॉग उघडून ठेवा:

सुडो सिस्टमसीटीएल एनेबल --नाउ नट-मॉनिटर
सुडो जर्नलसीटीएल -यू नट-मॉनिटर -एफ

किती वेळ लागतो ते मोजा

इथपर्यंत आले की सर्व्हरला खबर मिळते, आणि बहुतेक जण इथेच थांबतात. पण ती खबर वेळेत मिळते का, हा प्रश्न अजून उरतो, आणि त्याचे उत्तर घड्याळ लावल्याशिवाय मिळत नाही.

बंद व्हायची वेळ आली की नास ‘एफएसडी’ म्हणजे सक्तीने बंद होण्याचा इशारा लावते. सर्व्हरचा यूपीएसमॉन तो वाचतो, ‘फायनलडिले’ची ५ सेकंदे थांबतो आणि बंद होण्याची आज्ञा देतो. नट चालवणारे मुख्य यंत्र आपल्या ऐकणाऱ्यांचे संपर्क सुटण्याची वाट ‘होस्टसिंक’ म्हणजे १५ सेकंदांपर्यंत पाहते. मेख इथे आहे: संपर्क सुटतो तो यूपीएसमॉन ही सेवा बंद होताना, सर्व्हर पूर्ण बंद झाल्यावर नव्हे. ज्या सर्व्हरवर चार आभासी यंत्रे चालतात त्याला ती एकेक करून बंद करायला दोन-तीन मिनिटे लागू शकतात. तेवढ्यात नास बंद झाली आणि तिने यूपीएसलाही बंद व्हायला सांगितले, तर सर्व्हरची वीज आवराआवर चालू असतानाच जाते.

म्हणून एखाद्या निवांत संध्याकाळी सर्व्हर नेहमीच्या भारासह हाताने बंद करा आणि पंखा थांबेपर्यंतचा वेळ मोजा. माझ्या सर्व्हरला २ मिनिटे १० सेकंदे लागली. माझा अंदाज ४० सेकंदांचा होता. या आकड्याच्या दुप्पट वेळ हाताशी राहील अशा बेताने सर्व्हरला नासच्या आधी बंद करणे, हा मला सर्वांत भरवशाचा मार्ग वाटतो, आणि त्यासाठी नटमध्येच यूपीएसस्केड हा टायमर लावणारा मदतनीस आहे.

यूपीएसमॉन डॉट कॉन्फमध्ये ‘नोटिफायसीएमडी’समोर यूपीएसस्केडचा पूर्ण मार्ग लिहा आणि बॅटरीवर जाणे व वीज परत येणे या दोन घटनांसाठी ‘एक्झेक’ची खूण लावा:

नोटिफायफ्लॅग ऑनबॅट सिसलॉग+एक्झेक
नोटिफायफ्लॅग ऑनलाइन सिसलॉग+एक्झेक

मग यूपीएसस्केड डॉट कॉन्फमध्ये आधी ‘सीएमडीस्क्रिप्ट’समोर आपल्या स्क्रिप्टचा मार्ग, ‘पाइपएफएन’ आणि ‘लॉकएफएन’ या ओळींत /रन/नट या फोल्डरमधल्या दोन फायलींची नावे, आणि त्यांच्याखाली वेळेचे नियम:

ॲट ऑनबॅट * स्टार्ट-टायमर बॅटरीवर १८०
ॲट ऑनलाइन * कॅन्सल-टायमर बॅटरीवर

पाइपची ओळ नियमांच्या वरच असायला हवी आणि त्या फोल्डरमध्ये नट या वापरकर्त्याला लिहिता आले पाहिजे. ‘बॅटरीवर’ हे नाव इथे आपण दिलेले आहे. प्रत्यक्षात मोकळी जागा नसलेला कोणताही इंग्रजी अक्षरांतला शब्द चालतो. स्क्रिप्टला हेच नाव मिळाले की तिने ‘यूपीएसमॉन -सी एफएसडी’ एवढी आज्ञा द्यायची. ऐकणाऱ्या यंत्रावर दिलेली ही आज्ञा फक्त त्या यंत्रालाच बंद करते, बाकीच्यांना धक्का लागत नाही. तीन मिनिटांत वीज आली तर टायमर रद्द होतो आणि काहीच घडत नाही. नाही आली तर सर्व्हर शांतपणे आवरून घेतो. नासची सुरक्षित स्थितीत जाण्याची, म्हणजे कामे थांबवून बंद होऊ लागण्याची, वेळ मग आठ मिनिटे ठेवा, अर्थात यूपीएस तेवढा वेळ तग धरतो हे आधी पाहिलेले असेल तरच.

या मार्गाची एक किंमत आहे आणि ती मान्य करूनच तो निवडावा. सर्व्हर चौथ्या मिनिटाला बंद झाला आणि वीज सहाव्या मिनिटाला आली, तर यूपीएसने दरम्यान वीज तोडलेलीच नसते. बायोसमध्ये ‘वीज आल्यावर सुरू व्हा’ असे सेटिंग असूनही सर्व्हर बंदच राहतो, कारण त्याच्या दृष्टीने वीज गेलीच नव्हती. नासवरून नेटवर्कमार्फत त्याला जागे करण्याची सोय ठेवा किंवा सकाळी कोणीतरी बटण दाबेल हे ठरवून ठेवा. वीज लांबली आणि शेवटी नासने यूपीएस बंद केला, तर मात्र वीज आल्यावर बायोसचे सेटिंग आपले काम करते. तेव्हा ते चालू करून ठेवाच.

इन्व्हर्टरमागचा यूपीएस

आपल्याकडे बऱ्याच घरांत यूपीएसच्या आधी इन्व्हर्टर असतो. अशा वेळी वीज गेली तरी यूपीएसला इन्व्हर्टरकडून पुरवठा मिळतच राहतो आणि नट तासन्‌तास ‘ओएल’ दाखवते. ते खोटे नाही; यूपीएसला जे दिसते तेच तो सांगतो. पण इन्व्हर्टरची बॅटरी संपली की उरलेला वेळ फक्त यूपीएसचा असतो, म्हणून वरचे सगळे हिशोब यूपीएसच्याच मिनिटांवर करावेत आणि इन्व्हर्टरचे तास त्यात धरू नयेत. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर काही यूपीएस तो पुरवठा स्वीकारत नाहीत आणि ‘ओएल’ व ‘ओबी’ यांच्यात हेलकावे खातात. लॉगमध्ये दर काही सेकंदांनी अशा जोड्या दिसू लागल्या तर नटचे सेटिंग बदलत बसू नका. साइन वेव्ह इन्व्हर्टरचा किंवा यूपीएससाठी वेगळ्या लाइनचा विचार करा.

प्रत्यक्ष चाचणी

चाचणीसाठी यूपीएसचा प्लग उपसू नका, भिंतीवरचे बटण बंद करा. प्लग जागेवर राहिला की अर्थिंग जोडलेले राहते. पहिल्या फेरीत अर्ध्या मिनिटासाठी बटण बंद करून सर्व्हरच्या लॉगमध्ये बॅटरीवर गेल्याची आणि परत आल्याची अशा दोन्ही ओळी येतात का ते पाहा. दुसऱ्या फेरीत वीज चालू ठेवून सर्व्हरची नेटवर्क वायर काढा; संपर्क तुटल्याची ओळ यायला हवी आणि सर्व्हर चालूच राहायला हवा. तिसऱ्या फेरीत सर्वांचा बॅकअप घेऊन बटण बंद करा आणि घड्याळ घेऊन शेवटपर्यंत तिथेच उभे राहा: तीन मिनिटांनी सर्व्हर बंद होऊ लागतो का, आठव्या मिनिटाला नास आवरते का, आणि त्यानंतर यूपीएसमध्ये किती बॅटरी उरते.

तो उरलेला आकडा कागदावर लिहून यूपीएसलाच चिकटवा. शिसे आणि आम्लाच्या बंद बॅटऱ्या साधारण तीन ते पाच वर्षे टिकतात आणि तापमान दर दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात बंद कपाटातल्या बॅटरीकडून पाच वर्षांची अपेक्षा ठेवू नये. बॅटरी.रनटाइममधला अंदाज जुन्या बॅटरीबाबत बऱ्याचदा उदार असतो. दरवर्षी पावसाळ्याआधी तिसरी फेरी पुन्हा करा, नवा आकडा जुन्याखाली लिहा, आणि दोन्ही यंत्रे बंद झाल्यावर दोन मिनिटांचीही बॅटरी उरत नसेल तर ‘आरबी’ची वाट न पाहता बॅटरी बदलून घ्या.